मरूद्यानात माणसं वाढली तर पाणी आटायला हवं, मग सिवात ते वर कसं आलं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ऐरोलीला राहता, भूगोलात एम.ए. करताय आणि प्रकल्पाला विषय मिळालाय ‘शुष्क प्रदेशातल्या मरूद्यानांवर लोकसंख्यावाढीचे पर्यावरणीय परिणाम’. पुस्तकात सरळ साखळी दिली आहे: माणसं वाढली, उपसा वाढला, पाणी खाली गेलं, वाळवंट पसरलं. पण शोधता शोधता तुम्हाला इजिप्तमधलं सिवा आणि अल्जीरियातलं एल वेद सापडलं. तिथे माणसं वाढल्यावर पाणी वर आलं, तळी फुगली, खजुरांची मुळं कुजली. ‘यातलं खरं कुठलं धरू, आणि इथे बसून मी मोजू तरी काय?’ असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही खरं आहे, आणि दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. मी भूजलात काम करतो. आधी आखातात होतो, सौदीच्या पूर्वेकडच्या खजुराच्या पट्ट्यात. आता ठाणे-नवी मुंबईत इमारतींच्या तळघरात झिरपणारं पाणी आणि बोअरमध्ये शिरणारा खारेपणा हेच रोजचं काम. दोन्हीकडे मला सुरुवात एकाच प्रश्नाने करावी लागते: वापरून झालेलं पाणी जातं कुठे? किती उपसलं हे सगळेच विचारतात. वापरलेलं पाणी बाहेर कुठून पडतं आणि जाताना मीठ बरोबर नेतं का, हे फार थोडे विचारतात. मरूद्यान टिकणार की नाही हे माझ्या मते त्यावर ठरतं. तुमच्या दोन उलट वाटणाऱ्या उदाहरणांचा उलगडाही तिथेच होतो.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. सगळी मरूद्यानं एका मापात बसत नाहीत. सिवा, खारगा, दाखला या इजिप्तमधल्या मरूद्यानांच्या पोटाखाली नुबियन वालुकाश्माचा प्रचंड जलधर, म्हणजे पाणी धरणारा खडकाचा थर आहे. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांखाली तो सुमारे २० लाख चौरस किलोमीटर पसरलाय. त्यातलं पाणी जुन्या, ओल्या हवामानाच्या काळात मुरलेलं आहे. इजिप्तच्या वाळवंटातल्या नमुन्यांचं वय दोन ते दहा लाख वर्षं निघालं. आजचा पाऊस ते भरून काढत नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक लिटर हा शिलकीतला खर्च असतो. चीनच्या गान्सू प्रांतातलं मिनचिन नदीवर जगतं. तिथे वरच्या अंगाला कुणी पाणी अडवलं की खालचे तहानलेले राहतात. ओमानच्या फलजांना, म्हणजे डोंगरातून गावात पाणी आणणाऱ्या बोगद्यांना, डोंगरातला पाऊस लागतो. सलग काही वर्षं कोरडी गेली की धार बारीक होते, चांगला पाऊस झाला की पुन्हा जोर धरते. म्हणून तुमच्या प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर दोन गोष्टी लिहा: पाणी कुठलं आहे, आणि मरूद्यान ज्या खोलगटात आहे तिथून पाण्याला बाहेर जायची वाट आहे का. या दोन उत्तरांशिवाय ‘लोकसंख्या वाढली आणि अमुक झालं’ हे वाक्य कुठल्याच मरूद्यानाबद्दल लिहिता येत नाही.

आता डोक्यांचा हिशोब करू, कारण पुस्तकातली साखळी इथेच ढिली पडते. एक माणूस घरगुती वापराला दिवसाला १५० लिटर पाणी घेतो असं धरा. वर्षाचे झाले सुमारे ५५ घनमीटर. तापलेल्या वाळवंटात एक हेक्टर खजुराला वर्षाला १५,००० घनमीटर पाणी सहज लागतं, पाटाने मोकळं सोडलं तर त्याहूनही जास्त. म्हणजे एका हेक्टरची बाग जवळजवळ पावणेतीनशे माणसांइतकं पाणी पिते. घरं दुप्पट झाली आणि बागा तेवढ्याच राहिल्या, तर एकूण उपशात फारसा फरक पडत नाही. घरं तेवढीच राहिली आणि बागा दुप्पट झाल्या, तर सगळं गणितच बदलतं.

त्याच पाण्यातलं मीठही मोजा. जिभेला गोड लागणाऱ्या वाळवंटी पाण्यातही लिटरमागे एक ग्रॅम क्षार असू शकतात. १५,००० घनमीटर पाण्यातून हेक्टरी १५ टन क्षार शेतात येतात. दरवर्षी, दर हेक्टरला एक ट्रक भरून. पाणी पानांतून हवेत जातं, क्षार जात नाहीत. तीन हिस्से पाणी झाडाने उडवलं तर उरलेल्या एका हिश्शात सगळे क्षार गोळा होतात आणि ते पाणी चौपट खारं होतं. पाटातल्या पाण्यात क्षार मोजणारा मापक बुडवा, मग दोन बांध ओलांडून निचऱ्याच्या चरात बुडवा. आकडा असा चढतो की पहिल्यांदा बघणाऱ्याला मापक बिघडलाय असं वाटतं. मापक ठीक असतो. चरातलं ते पाणी कुठेतरी गेलंच पाहिजे.

ठाण्यात आपल्याला हा विचार करावा लागत नाही. वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमिनीतले क्षार धुऊन नेतो, आणि पुढे खाडी आहे. नवी मुंबईत जिथे जमीन भरतीच्या पातळीच्या खाली आहे तिथे धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की खाडीत उतरतं. म्हणजे सखल जागेत शहर वसवताना पाण्याची बाहेर जायची वाट आधी आखावी लागली. सिवात वर्षाला १० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि ते समुद्रसपाटीच्या सुमारे १८ मीटर खाली आहे. तिथे खाडी नाही, ओहोटी नाही. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला फक्त आकाश आहे, आणि आकाश मीठ नेत नाही.

मग लोकसंख्या कुठे येते? ती पंपातून येते, सांडपाण्यातून येते, आणि गावाच्या कडेच्या झुडपांतून येते.

पंपाचं आधी. जुनी मरूद्यानं उताराच्या पाण्यावर चालत. ओमानचा फलज म्हणजे डोंगराच्या पोटात खणलेला किंचित उताराचा बोगदा. पाणी आपल्या वजनाने चालत गावात येतं. आधी पिण्याची जागा, मग हातपाय धुण्याची, मग बागा. बागांचे वाटे वेळेने मोजतात, पूर्वी सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजत. असे तीनेक हजार फलज आजही वाहते आहेत, आणि त्यांतले पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. आपल्याकडे धुळे-साक्रीकडे पांझरेवर फड पद्धत आहे, पाटकरी पाळीने पाणी सोडतो, त्याच जातीची ही व्यवस्था. तिची खरी ताकद अशी की डोंगर देतो त्याहून जास्त कुणाला घेताच येत नाही. पंपाने ही मर्यादा काढून टाकली. फलजाच्या वर कुणी खोल विहीर पाडली की बोगदा कोरडा पडतो. मग ज्याच्याकडे पंपाचे पैसे तो तरतो, ज्याचा फक्त पाण्याचा वाटा होता त्याच्या हाती कागद उरतो.

सौदीतलं अल-अहसा बघा. २५ लाख खजुरांचं हे मरूद्यान २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरलं. तिथे मोठमोठे झरे आपोआप उसळत असत, त्यांतले काही कोमट. १९८० आणि ९० च्या दशकांत ते वाहायचे थांबले. आता त्याच जागांवर पंप आहेत. जॉर्डनच्या अझरकची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण ते पाणी अझरकच्या माणसांनी संपवलं नाही. १९७७ मध्ये तिथली पाणथळ महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, १९८० च्या दशकात अम्मान शहराकडे पाणी उपसणं वाढलं, भोवती शेतीच्या विहिरी वाढल्या, आणि १९९२ मध्ये झरे बंद पडले. जगात फक्त तिथेच राहणारा एक बोटभर मासा अगदी नामशेष होण्यापर्यंत गेला होता. राखीव डबक्यांत पाणी सोडून तो वाचवला, पण पाणथळीचा जेमतेम दहावा हिस्सा परत आला. खारगातही १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘नवी दरी’ प्रकल्पाच्या खोल विहिरी झाल्या, नाईलकाठची माणसं तिथे वसवली, आणि जुने उथळ झरे एकामागून एक थांबले. ही पाणी खाली जाण्याची बाजू तुमच्या पुस्तकात आहेच, म्हणून इथे जास्त थांबत नाही.

पाणी वर येण्याची बाजू नीट समजून घ्या, कारण ती पुस्तकात सहसा नसते.

एल वेद हे सूफ नावाच्या वाळूच्या प्रदेशातलं शहर. तिथला शेतकरी पाणी वर आणत नसे, खजुराला खाली नेत असे. वाळूच्या टेकड्यांमध्ये तो दहाएक मीटर खोल वाटीसारखा खड्डा खणायचा आणि तळाशी खजूर लावायचा. त्या खड्ड्याला ते घूत म्हणतात. तळापासून ओलावा हाताच्या अंतरावर, झाडाची मुळं थेट भूजलात. पाणी द्यायचंच नाही. कष्ट सगळे वाळूचे: वारा रात्रभर वाळू आत ढकलणार, शेतकरी सकाळी टोपली-टोपलीने ती बाहेर काढणार, आणि काठावर खजुराच्या झावळ्यांचं कुंपण रोवणार. पिढ्यानपिढ्या हे चाललं. पाण्याच्या पातळीशी इतकी बारीक जुळवाजुळव केलेली शेती मला दुसरी माहीत नाही. पातळी हातभर खाली गेली तर खड्डा आणखी खणायचा. पातळी वर आली तर मात्र उपाय नाही, कारण लावलेलं झाड वर उचलता येत नाही.

आणि पातळी वर आली. शहर वाढलं तसं पिण्यासाठी खोल विहिरी घेतल्या, काही दीड किलोमीटरहून खोल. खालून गरम पाणी येतं, ते थंड करून नळाला सोडतात. घराघरांत पाणी आलं ही आनंदाचीच गोष्ट होती. पण सांडपाण्याची गटारयोजना त्याबरोबर आली नाही. प्रत्येक घराचा शोषखड्डा, आणि तो मुरतो वाळूत. म्हणजे खोल थरातलं पाणी नळातून, मोरीतून, शोषखड्ड्यातून उथळ थरात ओतलं जाऊ लागलं. बाहेर जायला नदी नाही, समुद्र नाही. १९८० च्या दशकापासून शहराजवळच्या घूतांच्या तळाशी पाणी साचायला लागलं. आधी चिखल, मग लव्हाळा, मग मैल्याचा वास आणि डास. खजूर उभ्या उभ्या बुडाले, शेंडे पिवळे पडून गळाले. हजारो झाडं अशी गेली. कितीतरी खड्डे नंतर राडारोडा टाकून बुजवले. पुढे गटारं आणि निचऱ्याचे पंप बसवले तेव्हा पाणी उतरायला लागलं. दरम्यान त्याच प्रदेशात शहराबाहेर वाळूवर फिरत्या फवाऱ्यांची बटाट्याची शेती फोफावली, आणि तिथे उथळ थरातला उपसा इतका झाला की पातळी खाली चालली. एकाच खोऱ्यात शहराखाली पाणी चढतंय आणि शेताखाली उतरतंय. दोन्ही ‘लोकसंख्यावाढीचे परिणाम’, आणि दोन्हींची सरासरी काढली तर कागदावर काहीच घडलेलं दिसणार नाही!

सिवात सांडपाण्यापेक्षा शेतीच्या पाण्याचा हात मोठा. तिथे पाणी स्वतःच्या दाबाने वर येतं, पंपही लागत नाही. १९८० च्या दशकात भूमध्य समुद्राकाठच्या मरसा मत्रूहपासून सुमारे ३०० किलोमीटरचा डांबरी रस्ता आला. बाजार जवळ आला, ऑलिव्ह आणि खजुराला भाव आला, माणसं आली आणि शेकडो विहिरी झाल्या. बऱ्याच विहिरींना झडपच नाही, रात्रंदिवस वाहतात. बागेला हवं तेवढं पाणी बाग घेते, बाकीचं चरांतून खोलगटाच्या तळाशी जातं. तिथली खारी तळी वाढत वाढत बागांच्या कडेला टेकली. उन्हाने वर्षाला दोन मीटरहून जास्त पाणी उडतं तरी तळी फुगतात, यावरून किती पाणी वाया जातंय ते समजा.

पाणी जमिनीपासून दीड मीटरच्या आत आलं की आणखी एक गोष्ट सुरू होते. माती ते पाणी केशाकर्षणाने वर ओढते, वरचा थर तापतो, पाणी उडतं आणि पांढरा पापुद्रा मागे राहतो. पाय ठेवला की तो करकरतो आणि खालून काळसर ओल दिसते. कोल्हापूर-सांगलीकडे शिरोळ, वाळव्याच्या उसाच्या पट्ट्यात क्षारपड जमीन बघितली असेल तर डोळ्यांना ओळखीचं वाटेल. तिथेही कारण हेच: पाणी आलं, निचरा आला नाही. सिवाची जुनी घरं याच खाऱ्या मातीच्या ढेकळांची बांधलेली आहेत. पाऊस नसलेल्या गावात मीठ हा उत्तम सिमेंट ठरतो. १९२६ मध्ये तीन दिवस पाऊस लागला तेव्हा शाली नावाची तिथली जुनी गढी विरघळून खचली आणि लोक खाली उतरून राहिले. त्या गावाला मीठ माहीतच होतं. पूर्वी ते खोलगटाच्या तळाशी, आपल्या जागी राहायचं. आता ते बागेत आलंय.

तुमच्या प्रकल्पासाठी भारतातलं उदाहरण हवं असेल तर जोधपूर घ्या. थरच्या वाळवंटाच्या कडेवरचं शहर, विहिरी-बावड्यांवर जगलेलं. राजीव गांधी लिफ्ट कालव्याने लांबून पाणी आलं, नळाला भरपूर मिळू लागलं, लोकांनी बावड्या वापरायच्या सोडल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या शहरात दुकानांच्या तळघरांत पाणी निघायला लागलं, पंप लावून ते गटारात सोडायची पाळी आली. वाळवंटी शहर आणि तळघरात पाणी! कोपरखैरणे, वाशीला तळघर खणताना मी रोज जे बघतो तेच तिथे घडतंय, फक्त इथे खाडी आत ढकलते आणि तिथे माणसाने आणलेलंच पाणी वर येतं. कालव्याच्या शेतीतही तेच. इंदिरा गांधी कालव्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं, पूरक कालव्यासह तो ६४९ किलोमीटर लांब. कोट्यवधी लोकांना त्याने पाणी आणि धान्य दिलं, हे विसरून बोलणं अन्यायाचं होईल. पण हनुमानगड-सूरतगडकडे जिथे पाणी खाली मुरायला वाव नव्हता तिथे शेतं पाणथळ झाली. राजस्थानी शेतकरी त्याला ‘सेम’ म्हणतात, आणि सेम लागलेल्या गावातून माणसं उठून गेली.

इथवरचं थोडक्यात: खोल थरातून उपसलं तर तो थर खाली जातो, वापरलेलं पाणी बाहेर गेलं नाही तर उथळ थर वर येतो, आणि मीठ दोन्ही वेळा माणसाकडे येतं.

तिसरी गोष्ट कडेची. मरूद्यान आणि वाळवंट यांच्या मधे झाऊ आणि तशाच काटक झुडपांचा एक पट्टा असतो. दिसायला भणंग, पण वाळू तोच धरून ठेवतो. गावात माणसं वाढली की सरपण तिथूनच येतं, शेळ्या तिथेच चरतात, नवीन घरं तिथेच बांधली जातात. त्याहून गुपचूप होणारं नुकसान मुळांचं. ही झुडपं भूजलावर जगतात. मिनचिनच्या दोन बाजूंना तेंगर आणि बदाइन जारान ही दोन वाळवंटं आहेत. १९५८ मध्ये तिथे होंगयाशान जलाशय बांधला, त्याच सुमारास खालच्या टोकाचं चिंगतू सरोवर आटलं. नदीचं पाणी कमी पडलं तशा विहिरी वाढल्या, पातळी मुळांच्या पोचेबाहेर गेली, वाळू धरणारी झाडी मेली आणि वाळू शेतात आली. पण तिथे पुढे जे झालं तेही लिहा. २००७ पासून नदीखोऱ्याचा एकत्र आराखडा आला, हजारो विहिरी बंद केल्या, शेती कमी केली, खाली पाणी सोडलं, आणि २०१० पासून चिंगतूत पुन्हा पाणी दिसू लागलं. त्याची किंमत शेतकऱ्यांनी मोजली, जमिनी सोडल्या, घरं हलवली. हेही त्याच परिच्छेदात आलं पाहिजे.

आता मला मनापासून सांगावंसं वाटतं ते हे की, ‘लोकसंख्या’ हा शब्द सैल वापरू नका. कुणाची लोकसंख्या? मरूद्यानात जन्मलेली, नोकरीला आलेली, सरकारने वसवलेली, की भटकंती सोडून स्थिरावलेली? आखातातल्या बांधकामांवर आणि बागांमध्ये राबणाऱ्यांत मुंब्रा-कौशातल्या, रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची माणसं आहेत. ती तिथल्या आकड्यात धरायची की नाही? आणि जी माणसं तिथे राहतच नाहीत पण ज्यांच्यासाठी पाणी उपसलं जातं, त्यांचं काय? रमजानच्या आधी वाशीच्या बाजारात ट्युनिशियाच्या खजुरांची खोकी येतात. दक्षिण ट्युनिशियात निर्यातीच्या दगलत नूर या एकाच जातीच्या लागवडीसाठी परवान्याविना विहिरी पाडल्या गेल्या, आणि जुन्या तीन मजली बागा मागे पडल्या. वर खजूर, मधे अंजीर-डाळिंब, खाली भाजी आणि लसूणघास. अलिबाग-रेवदंड्याच्या वाडीत जशी माडाखाली पोफळ आणि पोफळीखाली केळ, तशी ती सावलीची उतरंड असते. तिच्यात खालच्या पिकाला कमी पाणी लागतं आणि गाव दुपारी थंड राहतं. एका जातीच्या उघड्या बागेत यातलं काही उरत नाही. मोरोक्कोच्या झागोरात २०१७ मध्ये लोक पिण्याच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि भोवती कलिंगडं पिकत होती, बाहेरच्या बाजारांसाठी. तिथे गावातली जास्त मुलं मोजून काय हाती लागणार?

आणखी एक. जुन्या मरूद्यानाचा ‘समतोल’ फार गोड करून लिहू नका. तो समतोल ज्या गोष्टींवर उभा होता त्यांत बालमृत्यू होते, हिवताप होता, आणि पिकाच्या पाचव्या हिश्शावर राबणारा भूमिहीन माणूस होता. फलजाच्या पाण्यात त्याचा वाटा बहुधा नसायचाच. ती मुलं आता जगतात, शाळेत जातात, ही वाढ मला हवीच आहे. प्रश्न त्यांच्यासाठी गटार आणि झडप वेळेवर आली का, एवढाच आहे.

कारण उपाय तिथेच सापडतात. आपोआप वाहणाऱ्या विहिरीवर झडप बसवणं हे सगळ्यांत स्वस्त काम, आणि सगळ्यांत अवघडही, कारण शेजाऱ्याने झडप मिटली नाही तर आपण का मिटायची हा प्रश्न रास्त आहे. विहीर खूप वर्षं बंद ठेवली तर नळीचा पोलाद गंजून आतल्या आत गळतो, हेही शेतकरी बरोबर सांगतात. निचऱ्याचे चर लागतात, आणि चरांचं पाणी नेऊन सोडायला बागांपासून लांब, खालच्या पातळीवरची जागा लागते. अशा जागी नवं तळं होतं, त्यावर पक्षी येतात. अल-अहसाच्या निचऱ्याच्या तळ्यावर मी थंडीतले थवे बघितले आहेत. ठाणे खाडीतले रोहित पक्षी बघणाऱ्या माणसाला ते बघून आनंद होतोच. पण त्या पाण्यात शेतातली औषधं आणि मीठ दरवर्षी साठत जातं, म्हणून त्याला पाणथळ संवर्धन म्हणण्याआधी पाण्याची तपासणी हवी.

आणि एका बाबतीत जास्त माणसं म्हणजे जास्त पाणीही असतं. शहराचं सांडपाणी नीट शुद्ध केलं तर ते बारमाही आणि खात्रीचं मिळतं. अल-अहसाच्या बागांना आता असं पाणी मोठ्या प्रमाणावर देतात. नवी मुंबईत शुद्ध केलेलं सांडपाणी कारखान्यांना देण्याची योजना तुमच्या घराजवळच आहे, ती बघून घ्या. फरक असा की मरूद्यानात त्या पाण्यातलेही क्षार शेवटी मातीतच जातात, म्हणून निचरा तिथेही लागतोच.

आता मोजायचं काय. ठिकाणं दोनच घ्या, सिवा आणि जोधपूर. सिवासाठी लँडसॅट उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, १९८० च्या दशकापासून ३० मीटर बारकाव्याची. दर पाच वर्षांनी एक चित्र घेऊन तीन क्षेत्रफळं काढा: हिरव्या बागांचं, तळ्यांचं, पांढऱ्या क्षारपड जमिनीचं. मग शेजारी जनगणनेचे आकडे ठेवा. माझा अंदाज असा की तळ्यांची रेघ माणसांच्या रेघेपेक्षा बागांच्या रेघेला जास्त जवळून चालेल. तसं निघालं नाही तर तेही तितकंच मोलाचं, लपवू नका. जोधपूरसाठी केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींची मापं मागवा. ती वर्षातून चार वेळा घेतात. शहरातल्या आणि शहराबाहेरच्या विहिरी वेगळ्या काढा, नाहीतर एल वेदसारखा एक चढ आणि एक उतार एकमेकांना खाऊन टाकतील. ऐरोलीहून प्रवास न करता हे सगळं होण्यासारखं आहे. जमलं तर एकदा शिरोळला जाऊन क्षारपड रानात उभ्या राहा आणि तिथल्या शेतकऱ्याला चर कसा खणला, पाणी कुठे सोडलं आणि त्यावरून भावकीत काय भांडणं झाली ते विचारा. निचऱ्याचं राजकारण कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही.

जोधपूरच्या मापांचा अर्ज आधी टाका, त्यांना वेळ लागतो. सिवाची चित्रं मात्र सगळी एकाच महिन्यातली घ्या. तिथे हिवाळ्यात विहिरी वाहत राहतात, ऊन कमी असतं आणि तळी फुगतात, उन्हाळ्यात आक्रसतात. एका वर्षाचं जानेवारीतलं आणि दुसऱ्याचं ऑगस्टमधलं चित्र शेजारी ठेवलंत तर ऋतूचा फरक लोकसंख्येच्या नावावर जमा होईल.